पायात काटा, जांघेत गाठ: जिवाणूंची चाहूल उंदराचे शरीर पुढे कशी पोचवते

मराठवाड्यात ज्याचे बालपण शेताच्या बांधावर गेले आहे, त्याला अवधाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पायात बाभळीचा काटा मोडतो, टोक आत राहून जाते, दोन दिवसांनी तळपाय ठणकू लागतो आणि त्याच सुमारास जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ वर येते. आजी ती गाठ चाचपते आणि म्हणते, "अवधाण आलंय, पायात काय घुसलंय ते आधी बघा." गाठ जांघेत असताना आजी पाय पाहायला सांगते, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिचे निदान अगदी बरोबर असते. प्रश्न एवढाच उरतो की काटा पायात मोडल्याचे जांघेला कळले कसे?

ठणका मज्जातंतूंनी मेंदूपर्यंत नेला हे खरे, पण गाठ त्यामुळे येत नाही. काट्यासोबत आत शिरलेल्या जिवाणूंची चाहूल तळपायातल्या काही पेशींना लागते, त्या पेशी ठरावीक प्रथिने बाहेर सोडतात, त्या प्रथिनांमुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे उतरू लागतात. दुसऱ्या काही पेशी जिवाणूंचे तुकडे बरोबर घेऊन लसीकावाहिन्यांच्या वाटेने जांघेतल्या लसीकाग्रंथीत पोचतात, आणि तेथे नव्या पेशींची भरती सुरू झाल्यामुळे ग्रंथी फुगते. अवधाण म्हणजे पायाने धाडलेल्या निरोपाची पोच आहे.

निरोपांच्या या देवघेवीला शास्त्रात प्रतिकार यंत्रणेचे संकेतन म्हणतात, आणि निरोप वाहणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन. प्रतिकारशक्तीविषयी बोलताना आपण बहुधा हत्यारांविषयी बोलत असतो: प्रतिपिंडे, पांढऱ्या पेशी, लस. निरोपाकडे आपले लक्ष जात नाही. उंदरांवर गेल्या साठेक वर्षांत झालेल्या प्रयोगांनी मात्र पुन्हा पुन्हा असे दाखवले आहे की सगळी हत्यारे जागच्या जागी असूनही निरोप पोचला नाही तर प्राणी मरतो, निरोप उशिरा पोचला तरी मरतो, आणि निरोपांचा कल्लोळ आवरता आला नाही तरीही मरतो.

काट्याशी या शास्त्राचे नाते जुने आहे. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. जिवाणूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना तेथून आली आणि १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी जमल्या हे त्याने पाहिले. त्यांना बोलावले कोणी, हे कळायला पुढे शतकभर लागले.

माचावरचा राखणदार

हुरड्याला आलेल्या ज्वारीत राखण करणारा माणूस रात्री माचावर बसतो. रानडुकरांचा कळप नेमका कोणत्या शिवारातून आला, त्यात किती जनावरे आहेत, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. धाटे मोडल्याचा आवाज आणि घुरघुर एवढ्यावरून तो ओळखतो, हाळी देतो, आणि शेजारच्या रानातली माणसे कंदील, काठ्या, डबे घेऊन उठतात. आपल्या त्वचेखाली, फुप्फुसांत, यकृतात, प्लीहेत असे राखणदार जागोजाग बसलेले असतात. त्यांचे नाव मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी. जिवाणू गिळणे हे त्यांचे एक काम आहे, आणि हाळी देणे हे दुसरे. माझ्या मते दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे.

राखणदार जनावर ओळखतो कशावरून, या प्रश्नाला अमेरिकेतील येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये तर्काने उत्तर दिले. जिवाणूंच्या अंगावर असे काही पदार्थ असतात की जे आपल्या पेशी कधीच बनवत नाहीत आणि जे जिवाणूंना सहजासहजी टाकून देता येत नाहीत, तेव्हा आपल्या पेशींवर त्या पदार्थांसाठीच घडलेले ग्राही, म्हणजे ते पदार्थ पकडून ओळखणारी प्रथिने, असली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी असा एकही ग्राही जिवाणूंच्या संदर्भात सिद्ध झालेला नव्हता. तो सापडला तो एका विचित्र उंदरामुळे.

प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे आपल्या घरात फिरतो त्या लहान उंदराचाच पाळीव भाऊबंद. (मराठीत आपण लहान घरउंदराला आणि मोठ्या काळ्या उंदराला एकच नाव देतो, शास्त्राच्या दृष्टीने त्या वेगळ्या प्रजाती आहेत, आणि पुढे प्लेगचा विषय निघेल तेव्हा हा भेद लक्षात ठेवावा लागेल.) पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून या उंदरांचे असे वाण तयार केलेले असतात की एका वाणातले सगळे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे असतात. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेतल्या ‘सी३एच/एचईजे’ नावाच्या वाणाची खोड १९६० च्या दशकात लक्षात आली. साल्मोनेला, ई. कोलाय यांसारख्या जिवाणूंच्या बाह्यावरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा मेद आणि शर्करा यांचा एक संयुक्त पदार्थ असतो, आणि तो टोचला की उंदराला ताप-थंडीसारखी लक्षणे, रक्तदाब घसरणे आणि मात्रा मोठी असल्यास मृत्यू असा क्रम ठरलेला असतो. या वाणाच्या उंदरांना इतरांना मारणारी मात्रा दिली तरी त्यांना काहीच होत नसे. विष पचवणारा उंदीर, असेच कोणालाही वाटले असते.

पण याच उंदरांना जिवंत साल्मोनेला दिले की ते अगदी थोड्या जिवाणूंनीही दगावत. विषाला दाद न देणारा उंदीर ते विष बाळगणाऱ्या जिवाणूपुढे मात्र सर्वांत दुबळा ठरत होता, आणि हे कोडे तीस वर्षांहून अधिक काळ तसेच पडून राहिले.

ते सुटण्याआधी वाट फळमाशीकडून गेली. फळमाशीत ‘टोल’ नावाचे एक जनुक अळीच्या शरीराची घडण ठरवते, हे आधीच ठाऊक होते. १९९६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवले की हे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात, म्हणजे घडणीचे जनुक बचावाचेही आहे. पुढच्याच वर्षी जेनवे आणि त्यांचे सहकारी रुस्लान मेद्झितोव्ह यांनी माणसातले टोलसारखे प्रथिन शोधून काढले. आणि १९९८ मध्ये डॅलस येथील ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने, उंदराच्या गुणसूत्राचा एकेक तुकडा वर्षानुवर्षे चाळल्यानंतर, सी३एच/एचईजे उंदराचा दोष नेमका कोठे आहे ते सांगितले. ‘टोलसारखा ग्राही ४’ बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलले होते. त्यामुळे प्रथिनातील ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आले होते, आणि ग्राही पेशीच्या कवचावर असूनही आत निरोप देऊ शकत नव्हता.

कोड्याचे उत्तर असे निघाले की त्या उंदराला विष पचत नव्हते. ते आल्याचे त्याला समजतच नव्हते. राखणदार माचावर होता, डोळे उघडे होते, पण कानांनी ऐकू येत नव्हते. विषाने उंदीर मरतो तो विषाच्या स्वतःच्या गुणाने मरत नाही, तर ते पाहून त्याच्याच पेशींनी घातलेल्या गोंधळाने मरतो. आणि तो गोंधळ घालणारीच पेशी बहिरी असेल तर खरे जिवाणू आल्यावर कोणी उठतच नाही. बॉयटलर आणि हॉफमन यांना २०११ चे नोबेल राल्फ स्टाइनमन यांच्यासह मिळाले. जेनवे २००३ मध्येच निवर्तले होते, आणि स्टाइनमन यांचे निधन घोषणेच्या तीनच दिवस आधी झाले होते, हे पारितोषिक समितीला घोषणेनंतर समजले.

यानंतर एकामागून एक ग्राही सापडत गेले. काही ग्राही जिवाणूंच्या आवरणातील मेदयुक्त प्रथिने ओळखतात, काही त्यांच्या पोहण्याच्या शेपटीतले फ्लॅजेलिन, काही त्यांचे डीएनए. उंदरात असे बारा टोलसारखे ग्राही आहेत आणि माणसात दहा. हे ज्ञान मुख्यतः ‘नॉकआउट’ उंदरांमुळे मिळाले, म्हणजे ज्यांच्यातले एकच जनुक मुद्दाम निकामी केलेले आहे असे उंदीर. ते तयार करण्याच्या तंत्राला २००७ चे नोबेल मिळाले. जपानमधील ओसाका येथील शिझुओ आकिरा यांच्या गटाने एकेक ग्राही काढून टाकलेले उंदीर तयार केले आणि प्रत्येक वेळी एकच साधा प्रश्न विचारला: हा नसेल तर काय अडते?

हाळी दिल्यानंतर

ग्राहीला जिवाणूचा पदार्थ चिकटला की पेशीच्या आतल्या बाजूस ‘मायडी-८८’ नावाचे प्रथिन त्याला येऊन भिडते, त्यामागून आणखी काही प्रथिनांची साखळी जुळते, आणि शेवटी ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन मोकळे होते. एरवी ते दावणीला बांधल्यासारखे पेशीद्रवात अडकवून ठेवलेले असते. मोकळे होताच ते पेशीकेंद्रकात शिरून संकटकाळची जनुके सुरू करते, आणि तासाभरात पेशीतून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे निरोप बाहेर पडू लागतात. टीएनएफमुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, त्यामुळे रक्तातून वाहत जाणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे अडखळतात आणि भिंतीतून बाहेर पडतात. इंटरल्युकिन-१ मेंदूपर्यंत परिणाम करते आणि ताप चढतो. काट्याभोवतीची लाली, ऊब, सूज आणि ठणका ही या निरोपांचीच दिसणारी बाजू आहे.

मात्र काही जिवाणू राखणदाराच्या पोटातच संसार थाटतात. मॅक्रोफेज त्यांना गिळते, पण मारू शकत नाही. लिस्टेरिया, क्षयाचा जिवाणू आणि साल्मोनेला ही त्याची उदाहरणे. येथे दुसऱ्या प्रकारचा निरोप लागतो. जॉर्ज मॅकनेस यांनी १९६२ मध्ये दाखवले की लिस्टेरियाच्या संसर्गातून वाचलेल्या उंदरातील मॅक्रोफेज बदललेले असतात. ते आकाराने मोठे, चपळ आणि मारण्यात तरबेज होतात. अशा उंदराचे रक्तद्रव दुसऱ्या उंदराला देऊन संरक्षण मिळत नव्हते, म्हणजे हे प्रतिपिंडांचे काम नव्हते. पुढे कळले की मॅक्रोफेजला पेटवणारा निरोप लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींकडून येतो आणि त्याचे नाव इंटरफेरॉन गॅमा आहे.

ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. मॅक्रोफेज आणि त्याच्यासारख्या पेशी इंटरल्युकिन-१२ सोडून लिम्फोसाइटला उठवतात, लिम्फोसाइट इंटरफेरॉन गॅमा सोडून मॅक्रोफेजला उठवतात, आणि पेटलेले मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड वायू तयार करून पोटातल्या जिवाणूला मारते. १९९३ मध्ये इंटरफेरॉन गॅमाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले आणि त्यांना क्षयाचे जिवाणू देण्यात आले, तेव्हा ते काही आठवड्यांत दगावले, तर साधे उंदीर तोच संसर्ग कितीतरी महिने रेटत राहिले. या उंदरांत पेशींची संख्या कमी नव्हती. एका पेशीने दुसरीला म्हणायचे एक वाक्य तेवढे गळलेले होते.

मामला, ऑगस्ट १९९४

हे सगळे प्रयोगशाळेतले झाले. आता आपल्या भागात येऊ.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे उद्ध्वस्त केली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात घराघरांत पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले, आणि पाठोपाठ ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ असलेले रुग्ण दिसू लागले. भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतले धान्य उंदरांना मोकळे मिळाले आणि त्यांची संख्या फुगली, असे कारण त्या वेळी मांडले गेले. ज्यांनी बळदातली किंवा पेवातली ज्वारी काढताना उंदरांची पळापळ पाहिली आहे त्यांना ते पटण्यासारखे आहे, जरी एवढ्या एका कारणाने सगळे उलगडते असे मी म्हणणार नाही. देशात १९६६ नंतर प्लेगच्या मानवी रुग्णाची नोंद नव्हती. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली, लाखो लोक शहर सोडून निघाले आणि दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर येरसँ यांनी हाँगकाँगमध्ये शोधला त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

जांघेतली गाठ पाहून पहिल्यांदा कोणालाही अवधाणच वाटले असेल, आणि एका अर्थाने ते अवधाणच असते. पिसू पायाला चावते, जिवाणू त्वचेखाली जातात, तेथून लसीकावाहिनीने जांघेतल्या ग्रंथीत पोचतात. फरक असा की काट्याच्या अवधाणात ग्रंथीकडे निरोप जातो आणि ग्रंथी फौज उभी करते. प्लेगमध्ये निरोपाच्या आधी जिवाणूच जाऊन पोचतो आणि ग्रंथीतच वाढत सुटतो. पिसू चावल्याची जागा बहुधा लालही झालेली नसते.

प्लेगचा जिवाणू एवढ्या चोरपावलांनी कसा जातो, हे समजायला पुन्हा त्या लिपोपॉलिसॅकराइडकडे जावे लागते. त्याचा जो भाग टोलसारख्या ग्राही ४ ला चिकटतो त्याला मेदाच्या शेपट्या असतात. ई. कोलायमध्ये त्या सहा असतात. ग्राहीच्या जोडीला एमडी-२ नावाचे प्रथिन असते आणि त्यात एक खोबण असते. पाच शेपट्या त्या खोबणीत बसतात, सहावी बाहेर राहते, आणि बाहेर राहिलेली ही सहावी शेपटीच शेजारच्या दुसऱ्या ग्राहीला धरते. दोन ग्राही असे जोडले गेले की आत निरोप जातो. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या अंगात, म्हणजे तुलनेने थंड जागी असतो तेव्हा त्याच्याही अंगावर सहा शेपट्यांचा पदार्थ असतो. तो ३७ अंश तापमानाच्या प्राण्यात शिरला की मुख्यतः चार शेपट्यांचा पदार्थ बनवू लागतो. चारही खोबणीत मावतात, दुसऱ्या ग्राहीला धरायला काही उरत नाही, आणि हाळी उठत नाही. वेशीच्या आत येताना पायातली वहाण काढून हातात घेणाऱ्या चोरासारखे हे आहे.

एवढ्यावर तो थांबत नाही. सुईसारख्या एका यंत्रणेने तो मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल पेशींत स्वतःची प्रथिने टोचतो, आणि त्यांतले योपजे नावाचे प्रथिन एनएफ-कप्पा-बी मोकळे करणारी साखळीच तोडते. उंदरांच्या नाकातून हा जिवाणू देऊन केलेल्या २००५ च्या एका अभ्यासात सुमारे पहिले ३६ तास फुप्फुसांत जिवाणू झपाट्याने वाढत असूनही दाह जवळजवळ दिसला नाही. त्यानंतर अचानक सगळ्या निरोपांचा एकदम भडका उडाला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उंदीर मेले. जिवाणू आणि हत्यारे दोन्ही आधीपासून तेथेच होती. गेले होते ते दीड दिवस.

आता या लेखातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग. चोराची शांतता हेच त्याचे बळ असेल तर त्याच्या पायात घुंगरू बांधले की तो हरला पाहिजे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये नेमके हेच केले. ई. कोलायमधले एक जनुक त्यांनी प्लेगच्या जिवाणूत घातले, ज्यामुळे तो ३७ अंशांवरही सहा शेपट्यांचा पदार्थ बनवू लागला. बाकी काही बदलले नव्हते. सुया, योपजे, सगळी मारक सामग्री तशीच शाबूत होती. हे जिवाणू त्वचेखाली टोचलेले साधे उंदीर वाचले, मोठ्या मात्रेलाही वाचले, आणि पुढे खरा प्लेग दिला तरी टिकले. मग तोच घुंगरू बांधलेला जिवाणू टोलसारखा ग्राही ४ नसलेल्या उंदरांना दिला, तर ते मेले. घुंगरू वाजत होते, पण ऐकणारा कान नव्हता.

शास्त्रात एखाद्या गोष्टीचे कारण इतके स्वच्छ दाखवता येणे दुर्मीळ असते. जिवाणूचा एक गुण बदलला आणि रोग गेला, उंदराचा एक गुण काढला आणि रोग परत आला. मध्ये दुसरे काही शिरायला जागाच नाही. त्याआधी १९९३ मध्ये उंदरांना बाहेरून टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा टोचले असता त्यांना प्लेगपासून संरक्षण मिळते, हेही दिसले होते. जिवाणूने दाबून टाकलेला निरोप माणसाने हाताने पोचवला, एवढाच त्याचा अर्थ.

आवाज फार झाला तर

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की निरोप जितका मोठा तितके बरे. १९८५ मध्ये बॉयटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवले होते की लिपोपॉलिसॅकराइड देण्याआधी उंदरांना टीएनएफविरोधी प्रतिपिंडे दिली तर ते मृत्यूपासून वाचतात. त्यावरून रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या माणसांना असे औषध द्यावे ही आशा निर्माण झाली, १९९० च्या दशकात मोठ्या चाचण्या झाल्या, आणि अपेक्षित फायदा दिसला नाही. मागे वळून पाहता त्याची सूचना उंदरांतच होती. नुसते विष टोचलेल्या उंदराला टीएनएफ अडवल्याने जीवदान मिळे, पण जिवंत लिस्टेरिया दिलेल्या उंदरात टीएनएफ अडवले की तो मरे. एकच निरोप एका प्रसंगी घातक आणि दुसऱ्या प्रसंगी आवश्यक असेल, तर तो केव्हा अडवायचा हे ठरवणे म्हणजे नदीला पूर येत असताना धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे ठरवण्याइतके अवघड आहे.

चुकीची हाळी हाही एक प्रकार आहे. पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन हे मुख्यतः विषाणूंविरुद्धचे निरोप आहेत. लिस्टेरियाच्या संसर्गातही ते सुटतात, म्हणून ते उपयोगी असतील असे धरून चालण्यासारखे होते. २००४ मध्ये वेगवेगळ्या गटांनी या इंटरफेरॉनचा ग्राहीच नसलेले उंदीर वापरून पाहिले, तर ते साध्या उंदरांपेक्षा चांगले तगले. निरोप ऐकू न आल्याचा येथे फायदाच झाला, कारण तो निरोप लिम्फोसाइट पेशींना मरणाकडे ढकलत होता. रानडुकरे आली असताना कोणी "आग लागली" म्हणून ओरडले तर लोक घागरी घेऊन धावतात.

उंदराचे ऐकून माणसाविषयी किती बोलावे

पुष्कळ बोलता येते, पण जपून. ज्या मुलांत इंटरफेरॉन गॅमाचा ग्राही जन्मतःच सदोष असतो त्यांची पहिली वर्णने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती उंदरांच्या प्रयोगाशी तंतोतंत जुळली. आपल्याकडे जन्मल्यावर डाव्या दंडावर दिली जाते ती बीसीजीची लस, म्हणजे क्षयाच्या जिवाणूचा दुबळा भाऊ, अशा मुलांच्या अंगभर पसरू शकते. सांधेवातासाठी टीएनएफ अडवणारी इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी काहींचा सुप्त क्षय उसळून आला, हे २००१ मध्ये नोंदले गेले. म्हणून ते इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात. क्षय घरोघर ठाऊक असलेल्या आपल्या भागात ती तपासणी टाळू नये. मायडी-८८ नसलेल्या मुलांचा अनुभव मात्र वेगळा निघाला. तसे उंदीर कितीतरी प्रकारच्या जिवाणूंपुढे हरतात, तर या मुलांना लहानपणी न्यूमोकोकससारख्या मोजक्याच जिवाणूंचे गंभीर संसर्ग होतात आणि वय वाढते तसा त्रास कमी होतो.

उंदीर आणि माणूस यांचे कान सारखे नाहीत, याचा सर्वांत चांगला दाखला लेप्टोस्पायरा जिवाणूचा आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या ‘लेप्टो’ची धास्ती असते तो उंदरांच्या मूत्रातून पसरतो आणि उंदीर बहुधा ठणठणीत असतात. २००५ मध्ये दिसून आले की लेप्टोस्पायराच्या लिपोपॉलिसॅकराइडला उंदराचा टोलसारखा ग्राही ४ ओळखतो आणि माणसाचा ओळखत नाही. तोच जिवाणू उंदराच्या माचाखालून गेला तर हाळी उठते, आपल्या माचाखालून गेला तर उठत नाही. माणूस आजारी पडतो आणि उंदीर पडत नाही याचे हे एकमेव कारण नसले तरी एक कारण असावे. उलट शुद्ध लिपोपॉलिसॅकराइडच्या मात्रेला माणूस उंदरापेक्षा हजारो पटींनी हळवा आहे; वजनाच्या किलोमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेने धडधाकट स्वयंसेवकाला ताप चढतो.

आणखी एक फरक आहे, आणि तो प्रयोगशाळेतल्या उंदराला त्याच्या रानातल्या भावंडांपासूनही वेगळा करतो. प्रयोगाचा उंदीर निर्जंतुक खाद्य खातो, गाळलेल्या हवेत राहतो, त्याच्या पिंजऱ्यात पिसू नसते. २०१६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की अशा प्रौढ उंदराची प्रतिकार यंत्रणा माणसाच्या नवजात बाळासारखी असते. त्यांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून साधे उंदीर आणून या उंदरांच्या पिंजऱ्यात सोडले. नव्या पाहुण्यांच्या जंतूंनी काही उंदीर मेले. जे वाचले त्यांच्या पेशींचे रूप काही आठवड्यांत प्रौढ माणसासारखे झाले, आणि त्यांना लिस्टेरिया दिले तेव्हा त्यांच्या शरीरात जिवाणूंची संख्या स्वच्छ उंदरांपेक्षा कितीतरी कमी आढळली. जन्मभर काही ना काही ऐकत आलेला राखणदार लवकर उठत होता.

मुंबईत ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या तऱ्हेने दिसली होती. १८९६ पासून प्लेगने ग्रासलेल्या त्या शहरातले मोठे उंदीर पकडून प्लेग आयोगाच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा ते प्लेग कधीच न पाहिलेल्या मद्रासच्या उंदरांपेक्षा कितीतरी चिवट निघाले, कारण हळवे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या मरून गेले होते आणि उरलेल्यांची पिल्ले शहरात नांदत होती. मामल्याच्या उंदरांना असा वारसा बहुधा नसावा; माणसांना गाठी येण्याआधी घराघरांत ते मरून पडले.